फुलयले सांगायचं

लीलाबाई : ‘याचं काही बरंवाईट झालं तं तूच येऊन सांगजो, मास्तरीन. दुसऱ्याच्या तोंडचं मी नाही माननार.’ असं म्हनली होती फुलय. किशोर तिच्या पाठीवर बांधलेला होता. आवाज अजून कानात हाये.

खुशालराव : चाळीस वर्षं झाली असतील त्या गोष्टीले.

लीलाबाई : झाली असन. मले टायफाइड झाला, आंगावरचं दूध आटलं, तवा तिनं आपल्या पोरीच्या वाट्याचं माया पोराले पाजलं. तिचं ऐका लागते.

खुशालराव : ऐकून तर राहिलो, बाप्पा! अमरावतीहून अंधारातच निघालो, परतवाडा सोडला, घाट चढून राहिलो. पण मले एक सांग. तिथं जाऊन तुया तोंडून शब्द निघन काय?

लीलाबाई : वळन आलं. समोर पाहा.

खुशालराव : समोरच पाहून राहिलो. दिवाळीत किशोर गेला, आता चैत लागला. तू एकदाही बोलली नाहीस. काल शेजारच्या केशरबाईले काय म्हटलं? ‘पोराले पुण्यात सुट्टी नाही भेटली.’ ती बिचारी मायाकडं पाहे, मी चपलेकडं.

लीलाबाई : केशरबाईले कायले सांगू? तिनं काय दूध पाजलं?

खुशालराव : मग फुलयले मी सांगतो.

लीलाबाई : नाही. मीच सांगीन.

खुशालराव : आणि ती सापडली पाहिजे ना आधी! घटांगच्या चहावाल्यानं काय सांगितलं, ऐकलं ना? फुलयचं कुंभीखेडा उठलं. सारं गाव खाली नेलं, अकोटकडं. माया शाळेची भिंतही नसन आता तिथं.

लीलाबाई : ऐकलं. वाघाले जागा पायजे म्हनून फुलयले उठवलं. आन् मग हे रस्त्यानं एवढे मोठे मोठे हॉटेलं कोनासाठी बांधले? वाघ पनीर खाते काय?

खुशालराव : रिसॉर्ट म्हणतात त्याले.

लीलाबाई : काही म्हना.

खुशालराव : माझं मत वेगळं आहे, लीला. जंगल राहिलं तर पाणी राहीन. खालच्या साऱ्या नद्या याच डोंगरातून उतरतात. वाघ आहे म्हणून कुऱ्हाड थांबली. आणि वर राहून तरी काय सुख होतं? पावसाळ्यात नाला भरला की दवाखाना बंद. फुलयची पोरगी तशीच गेली.

लीलाबाई : गेली. आन् नाला उतरल्यावर फुलय चालत आली शाळेच्या दारात, मले सांगाले. पाय चिखलानं भरलेले. दुसऱ्या कोनाले नाही धाडलं तिनं.

खुशालराव : हो.

लीलाबाई : झाडाले मत नाही, वाघाले मत नाही. फुलयले मत हाये, म्हनून इलेक्शनले तिच्या दारी जीप येते. उठवताना कोनी इचारलं तिले?

खुशालराव : विचारलं असन. अंगठा घेतला असन.

लीलाबाई : अंगठा घेनं आन् इचारनं एकच हाये काय, मास्तर?

खुशालराव : नाही. पण खाली दवाखाना तरी जवळ आहे.

लीलाबाई : किशोरच्या ऑफिसच्या खालीच होता दवाखाना. लिफ्टनं उतरलं की...

खुशालराव : बोल. पुढं बोल.

लीलाबाई : पुढं रस्ता हाये. काच खाली करा. मोह गळून राहिला, वास आला.

खुशालराव : तू तेव्हा जात्यावर काय म्हणायची? मोहाचंच होतं काही.

लीलाबाई : ‘सिपन्याच्या गं काठाले मोह गळते पहाटी,
माया तान्ह्या किशोराले झोप फुलयच्या पाठी...’
बस. पुढचं नाही येत.

खुशालराव : येत नाही का म्हणवत नाही?

लीलाबाई : गाडी चालवा. अकोटकडं उतराचं हाये, जंगलाचं गेट बंद होईन.

(अकोटजवळच्या शिवारात एकाच रंगाच्या घरांची ओळ. गाडी थांबते.)

फुलय : कोन होय? मास्तरीन? अगं माय, किती बुढी झाली तू!

लीलाबाई : तू मोठी नवरी राहिली!

फुलय : आन् मास्तर पुरे टकले! बसा, बसा. खाटेवर बसा, आत नका जाऊ. स्लॅबचं घर हाये, दुपारी भाकर भाजते त्याच्यावर.

खुशालराव : पाणी आहे ना इथं, फुलय?

फुलय : नळ हाये. पानी कभी येते, कभी नाही. लाइट हाये, रोड हाये, डाक्टर जवळ हाये. झूट नाही बोलत. पन पहाटी डोळा उघडते आन् पाय मोह येचाले निघते. भाईर पाहतो तं दुसऱ्याचं वावर. कुठं जाऊ?

खुशालराव : वर जात नाही कधी?

फुलय : माई पोरगी वरच हाये ना, मातीत. तिच्यापाशी जाले आता पास लागते, मास्तर. मागच्या खेपी गेटवरून वापस आली मी.

खुशालराव : पास? आईले?

फुलय : जाऊ द्या. किशोर कसा हाये? तो नाही आला?

लीलाबाई : बरा हाये.

खुशालराव : लीला.

लीलाबाई : पुन्याले हाये. सुट्टी नाही भेटली.

फुलय : अच्छा. मोठा साब झाला असन. लय चावे गं तो मले! दात आले तसा चावे. मी मारू तं हासे.

लीलाबाई : हासे.

फुलय : आता ओळखन का मले?

खुशालराव : फुलय, ऐक, मी सांगतो तुले...

लीलाबाई : तुमी थांबा.

फुलय : काय झालं, मास्तरीन? हात काहून एवढा थंडा पडला तुया?

लीलाबाई : सोडू नको. धरून राह्य.

फुलय : धरला. बोल.

लीलाबाई : आपलं लेकरू गेलं, फुलय.