शनिवारची कुंडी

रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढं दोन शेजारणी डबे घेऊन उभ्या होत्या.

"काहून वं शामला, तो कॉलेजचा साहेब तुह्या अंगणात काहून येऊन राहिला?"

"जास्वंदाची कुंडी ठेवून गेला ना तो. वस्तीत दहा घरी ठेवल्या. कारखान्याची राख पानावर किती बसते, ते दर शनिवारी पाहून जाते."

"मंग?"

"नऊ घरची पानं काळी, अन् माह्या घरची आरशावानी! साहेब एकदा धुराड्याकडे पाहे, एकदा झाडाकडे. म्हणे, बाई, तुमच्या अंगणात हवा लय शुद्ध आहे."

"अवं, माही भिंत तं तुह्या भिंतीले लागून आहे!"

"तेच त्याले समजेना. मंग मीच सांगून टाकलं. म्हटलं, साहेब, रोज तुळशीले पाणी घातलं की ह्याचीबी पानं ओल्या फडक्यानं पुसत होती मी."

"रागावला असन."

"नाही वं, हासला. म्हणे, ते फडकं तरी द्या, राख त्यातच असन."

"देल्लं?"

"धुऊन टाकलं होतं ना!"

"अवं माय!"

"मंग दुसरी कुंडी ठेवली. हात जोडून म्हणे, आता पुसू नका."

"नाही ना पुसलं?"

"आठ दिवस बोट नाही लावलं. राख पाहून जीव कासावीस होये, पण नाही लावलं."

"आज शनिवार. खूश होईन साहेब."

"होईन ना. आज त्याचा मोठा साहेबबी येऊन राहिला. म्हणून सकाळीच अंगण सारवलं, रांगोळी टाकली, अन् झाडबी जरा पुसून घेतलं."