माझ्या टेबलावरचं सात मिनिटं पुढचं घड्याळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले व्यवस्थापक साहेब. व्यासपीठावर विराजमान हिशेब खात्याचे प्रमुख आणि कामगार संघटनेचे सचिव. आणि समोर बसलेल्या, एकतीस वर्षं माझ्या हातून पगार कापून घेतलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

आत्ताच सचिवांनी सांगितलं, की मास्तरांच्या पगारपत्रकात कधी चूक निघाली नाही. बेरजेत निघाली नसेल. तुम्ही मला मास्तर म्हणता ते काही मी शिकवलं म्हणून नाही, शाळेतल्या कविता मला अजून पाठ आहेत म्हणून. रजेचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला आधी दोन कडवी ऐकावी लागत. हसा, हसा. पण आज मला हसायचं नाही.

हजेरीच्या टेबलावर एक घड्याळ होतं, आठवतं? नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला उशीर झाला, साहेब बोलले. तेव्हा स्वतःला शिस्त लागावी म्हणून मी ते सात मिनिटं पुढे केलं. ते तसंच राहिलं. मनातल्या मनात सात मिनिटं वजा करायची मला सवय झाली. चहाला करायचो, सुटीच्या घंटेला करायचो. तुमच्या नावापुढे उशिराची लाल खूण करताना मात्र कधी केली नाहीत. का? याचं उत्तर मी महिनाभर शोधतो आहे. सापडलेलं उत्तर सांगण्यासारखं नाही.

तीन खुणा झाल्या की अर्धी रजा कापायची, हा नियम. तुम्ही बहुतेक जण पंधरा मिनिटं आधीच येत होता, म्हणून वाचलात. पॅकिंगमधल्या आक्का वाचल्या नाहीत. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले. सांभाळणारी बाई घरी आली, की या धावत निघायच्या आणि कामाच्या वेळेआधी दोन-तीन मिनिटं पोचायच्या. माझ्या घड्याळात तेव्हा चार-पाच मिनिटं उशीर झालेला असे.

पुढे अंगठ्याचं यंत्र आलं आणि त्या दिवसापासून आक्कांना एकदाही उशीर नाही. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "बघा, यंत्राच्या धाकानं सुधारल्या!"

गेल्या महिन्यात जुनी हजेरीपुस्तकं नव्या लेखनिकाच्या ताब्यात द्यायची म्हणून चाळायला घेतली. यंत्राच्या आधीच्या दोन वर्षांत आक्कांच्या नावापुढे बहात्तर लाल खुणा. बारा दिवसांची रजा. आणि त्याच दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांचा अर्ज, वडील अत्यवस्थ आहेत म्हणून, त्यावर माझ्या वळणदार अक्षरात, "रजा शिल्लक नाही." बिनपगारी तीन दिवस मिळाले. चौथ्या दिवशी वडील गेले, तेव्हा आक्का खोक्यांना चिकटपट्टी लावत होत्या.

मी त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, घड्याळ पुढे आहे हे आख्ख्या पॅकिंगला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले होते की! तुम्ही मला वेळेच्या महतीवरची कविता म्हणून दाखवलीत. चार कडवी. त्यात कामाची आणखी पाच मिनिटं गेली."

मंडळी, त्या कवितेवर मी लहानपणापासून जीव टाकला. आता ती ओठांवर येत नाही.

मी म्हणालो, "आक्का, माझ्या शिल्लक रजेचे पैसे मिळतील, त्यातले बारा दिवसांचे तुमचे." त्यांनी हात झटकला. "पैसे-बिसे राहू द्या. पुढच्या वर्षी मीही सुटणार. सेवापुस्तकात 'वारंवार उशीर' लिहिलंय, ते घेऊन मला घरी जायचं नाही. माझ्या बापाला सोडून मी वेळेवर येत होते, मास्तर."

अध्यक्ष महाराज, या पुष्पगुच्छाखाली मी ते सेवापुस्तक ठेवलं आहे. शेरा खोडला आहे, कारण लिहिलं आहे, खाली माझं नाव घातलं आहे. जुनी नोंद बदलायला तुमची सही लागते. ती इथेच, आक्कांसमोर व्हावी, एवढंच मागणं. बिनचूक कामाचं मानपत्र मला देऊ नये, ही दुसरी विनंती.

आपण सर्वांनी इतक्या मायेनं निरोप दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि भाषण फार लांबलं असेल, तर किती मिनिटं लांबलं ते आक्कांना विचारा. त्या बाबतीत माझ्या शब्दावर विसंबू नका.