सुपावरची टिचकी

माझं माहेर वडीगोद्री, लग्न होऊन हितं शहागडला आले, मालक गेल्यापासून घरात एकटीच. काय सांगू तुम्हाला, माझं काम ऐकून लोक हसतात. मी कोंबड्याची मऊ पिसं तयार करून राह्यले. परदेशातले हौशी लोक गळाला पिसं बांधून खोटी माशी करतात म्हणे, मासा किडा समजून तोंड मारतो. आमचा दीर गंगेवर, म्हंजे आपल्या गोदावरीवर, गळ टाकून बसतो, तो म्हणतो, वैनी, आपल्या गंगेचा मासा कणकेच्या गोळीबिगर तोंड उघडत न्हाई, तो काय पिसाला भुलतोय!

पण काम बराबर करावं लागतं. हायवेवरच्या चिकनच्या दुकानातून मानेची न् छातीची पिसं आणायची, कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात बुडवायची, चोळायची बिलकुल न्हाईत, मंग मलमलच्या पिशवीत घालून सावलीत टांगायची, उन्हात टाकली की कडक होऊन मोडतात. वाळली की सुपात घेऊन निवडायची, रंग बघायचा, लांबी बघायची, देठाला दोरा बांधायचा. निवडताना दार बंद, पंखा बंद, तोंडाला पदर. बोललं की उडाली.

शेजारची सुंदरबाई जोडीला बसायची माझ्या. बोलकी बाई, तिला कुठं दम निघतो, म्हणायची, तुझ्या पिसांपायी मुकी झाले की गं मी. मंग आम्ही खूण ठरवली, सुपावर नखानं एक टिचकी म्हंजे हो, दोन म्हंजे न्हाई. ती चुलीकडं भुवई उडवायची, चहा ठेवू का, मी एक टिचकी मारायची. मधीच तिला हसू फुटायचं न् सकाळपासूनची निवड घरभर. मी चिडायचे, ती केसातली पिसं वेचीत अजूनच हसायची.

तिचे गुडघे गेले, पोरगा पुण्याला घेऊन गेला. जाताना म्हणली, बरं वाटलं की येते, माझं सूप कुणाला देऊ नको. भिंतीला तसंच आहे बघा, रोज झटकते मी. तिचा फोन नेमका निवडायच्या टायमाला येतो, मंग मी स्पीकर लावून सुपाजवळ ठेवते, ती बोलती, मी टिचक्या मारते.

परवा तिचा असाच फोन आल्ता. म्हणली, डॉक्टर हितं घराजवळ आहे, पोरगा म्हणतो आता कायमचीच राहा, नातीला बी माझी सवय लागली. पण तू न्हाई म्हणलीस तर उद्याच्या गाडीत बसते बघ. राहू का गं हितं?

हितं दवाखाना म्हणला की अंबड गाठावं लागतं, एसटीची पायरी तिला चढवत न्हाई.

मी एक टिचकी मारली.

तिनं फोन ठेवला न्हाई. दुसरीची वाट बघत असंल. मी हात पदरात घेऊन बसले.

सुखात राहू दे तिला तिथं, नातीसंगं पोटभर बोलू दे. चला, पिशवीतली पिसं वाळली असतील. जाताना दार तेवढं हळू ओढून घ्या.