ज्या चाकावर लेक बसवली

ऐका मंडळी! आज देवीच्या दारात उभा राहून तुम्हाला एकच विचारतो. माणसाचा मान कशात असतो? तो ज्यात बसतो त्यात, की तो जे घडवतो त्यात?

लगेच माना हलवू नका! "घडवतो त्यात, महाराज!" असं म्हणायला तोंडाला काय कष्ट पडतात? मघाशी देवळाबाहेर कुणाची गाडी पुढं लावायची यावरून दोघं हमरीतुमरीवर आले होते, ते दोघंही आता मान हलवतायत! दिसताय मला. खांबामागं बसलं म्हणून काय झालं?

पेटीवाले, सूर धरा. आणि माई, त्या मोबाईलला जरा झोपवा. ऐका!

कोल्हापूरच्या बाजूला रंगराव लोहार नावाचे एक कारखानदार. कारखाना कसला? फौंड्री! लोखंड वितळवायचं, त्याचा लालभडक रस साच्यात ओतायचा आणि त्यातून गाड्यांचे सुटे भाग काढायचे. रंगरावांचा आजा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचा. बापानं एक छोटी भट्टी घातली. रंगरावांनी त्या भट्टीचा मोठा कारखाना केला. आता सांगा, असा माणूस ताठ चालेल की वाकून? ताठच चालणार! आणि चालावंच!

पण मंडळी, रंगराव चालतच नव्हते. ते बसत होते! कशात? एका परदेशी गाडीत. नाव घेत नाही, गाडी थोर घराण्यातली. पांढरीशुभ्र, लांबलचक, आत बसलं की बाहेरचा आवाज म्हणून येत नाही. लग्नात गेले की कार्यालयाचा मालक धावत यायचा, "या मालक, गाडी इथं, अगदी दाराशी!" रंगराव आत जाऊन जेवून बाहेर आले, तरी पोरं गाडीपाशी उभी राहून फोटो काढतायत. लोक म्हणायचे काय? "रंगरावांची गाडी आली!" रंगराव आले असं कुणी म्हणत नव्हतं हो. गाडी आली! आणि आमच्या रंगरावांना त्याचंच केवढं कौतुक!

आता इथं एक नवी कंपनी येते. तिचं नाव 'चपळ'. कालपरवाची कंपनी, गाडी स्वस्त, मास्तर-नर्स-दुकानदारांना परवडेल अशी. मोठ्या लोकांनी नाकं मुरडली. पण गाडी बरी निघाली, धडाधड खपायला लागली. आणि या चपळच्या गाडीचा हब कुठं तयार व्हायचा? रंगरावांच्या फौंड्रीत! हब म्हणजे काय? बैलगाडीच्या चाकाला मधोमध तुंबा असतो ना, ज्याच्यावर सगळं चाक फिरतं? तोच. मोटारीचा तुंबा. चपळची गाडी कुठलीही घ्या, चारी चाकांचे हब रंगरावांकडचे.

आजा चाकाला धाव चढवत होता, नातू चाकाचा तुंबा ओततोय! अभिमान कशाचा धरायचा, सांगा बरं? पण रंगराव रोज सकाळी कारखान्यात यायचे परदेशी गाडीतून. चपळच्या गाडीत एकदा तरी बसले असतील? छे! म्हणायचे, "आपण माल देतो. बसायची गाडी निराळी!"

वा! म्हणजे आचाऱ्यानं हॉटेलात भाजी करायची आणि जेवायला शेजारच्या हॉटेलात जायचं! हसताय? हसा. शेवटी तुमच्याकडेही येणार आहे मी.

झालं काय, गारगोटीच्या रस्त्यावर एका चपळ गाडीचं पुढचं चाक निखळलं. गाडी सरळ उसात घुसली. देवाची कृपा, चालवणाऱ्याच्या हातावर निभावलं. पण गावोगाव एकच बोंब, "हब तुटला! रंगराव लोहारांचा माल कच्चा!" कंपनीची माणसं आली, चाक तपासलं. हब शाबूत! पंक्चर काढल्यावर चाकाचे नट नीट आवळले नव्हते, म्हणून चाक निघालं होतं. तसं कंपनीनं जाहीर केलं, पेपरात बातमी आली. वाचली कुणी? कुणीही नाही! वाईट बातमी लोक रस्त्यात थांबून वाचतात, चांगल्या बातमीत भजी बांधून नेतात!

आणि पारावर लोक काय म्हणाले ठाऊक आहे? "आवो, ते तपासलं-बिपासलं ऱ्हाऊ द्या. रंगराव सोता कशात बसतोय बगा की! त्याला आतलं म्हाईत असणारच. म्हणून तर त्यात पाय ठेवत न्हाई!"

बघा मंडळी! ज्या गाडीनं एवढा मान दिला, तीच गाडी आता गावभर साक्ष देत फिरायला लागली. कुणाविरुद्ध? आपल्याच मालकाविरुद्ध!

खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी काय करतात? हत्याराची पूजा. शेतकरी नांगर पुजतो, शिंपी मशीन पुजतो. फौंड्रीत भट्टी, साचे, घण, पहारी सगळं धुऊन-पुसून हळदकुंकू लावायचं. पण रंगरावांच्या कारखान्यात एक निराळीच रीत पडली होती. पहिला हार कुणाला? मालकाच्या गाडीला! त्या परदेशी बयेला! तिच्या चाकाखाली लिंबू, तिच्यापुढं नारळ, बायाबापड्या तिला ओवाळणार, आणि मग भट्टीचा नंबर. दरवर्षी असंच. कुणाला त्यात चुकल्यासारखंही वाटत नव्हतं.

त्या वर्षी हार कुणाच्या हातात? बाबालाल मेस्त्रींच्या. बाबालाल म्हणजे रंगरावांच्या वडलांच्या वेळचा माणूस. साच्याचं काम त्यांच्याकडं. दर खंडेनवमीला पहिला हार त्यांनीच घालायचा, हा त्यांचा मान. झेंडूचा हा एवढा हार घेऊन बाबालाल गाडीपुढं उभे राहिले, आणि उभेच राहिले.

"मेस्त्री, घाला की हार!"

"न्हाई मालक."

"काय?"

"हिला न्हाई घालणार मी."

बायांच्या हातातली ताटं हातातच. रंगराव लालबुंद झाले. "बाबालाल! चारचौघांत माझा पाणउतारा करतोस? गाडी डोळ्यांत खुपतीया व्हय तुझ्या?"

म्हातारा काय म्हणाला, ऐका. आवाज चढला नाही त्याचा. "मालक, गाडी तुमची, तुमच्या कष्टाची. लाख वर्षं फिरा तिच्यातनं. पण हिच्यात आपल्या हातचा एक खिळा न्हाई. हिला मी हार घालायचा, आन् ज्यात माझ्या हातचा माल हाय त्या गाडीला पेठेतली माणसं शिव्या घालणार. मला इचारत्यात, बाबालाल, तुजा मालक का बसत न्हाई रं तिच्यात? काय सांगू? तुमीच सांगा, काय सांगू?"

एवढं बोलून बाबालाल वळले, हार भट्टीला घातला आणि डोळे पुसत बाजूला झाले.

रंगराव घरी आले ते पाय आपटत. बायकोला, हौसाबाईंना, सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी बाजू घेईल. मंडळी, बायको बाजू घेईल या भरवशावर कुणी घरी जाऊ नये! मृदंगवाले हसतायत बघा, अनुभवी माणूस!

हौसाबाई म्हणाल्या, "मेस्त्रींचं ऱ्हाऊ द्या. मला एक सांगा. तुम्हाला भ्या वाटतं का त्या चपळच्या गाडीचं?"

"भ्या? माझ्या मालाचं? पागल झालीस काय? हत्ती नाचला तरी फुटायचा नाही माझा हब!"

"मग बसत का न्हाई तिच्यात?"

आणि इथं आमच्या रंगरावांनी जेवणाच्या ताटात मान घातली! कारण उत्तर ठाऊक होतं. भीती चाकाची नव्हतीच. भीती होती लोकांची! लहान गाडीतून उतरलो तर लोक काय म्हणतील? रंगराव खाली आला म्हणतील. आपल्या मालाला गाव नावं ठेवतंय ते चाललं, पण आपल्या गाडीला कुणी नाव ठेवलेलं चालणार नव्हतं! रंगरावांना स्वतःची लाज वाटली हो. खरीखुरी लाज. ताट सरकवून उठले.

आठवडाभरात परदेशी गाडी विकली! आणि गेले चपळच्या शोरूमला. तिथला पोरगा काय विचारतो? "साहेब, स्टाफसाठी घेताय का?" रंगराव म्हणाले, "न्हाई रे बाळा. मालकासाठी. मालक मीच!"

पण पुढचं सोपं होतं असं समजू नका. पहिल्याच लग्नाला गेले, तर तोच कार्यालयाचा मालक हात करतोय, "ओ पाव्हणं, गाडी मागं! तिकडं मागं लावा!" मग काच खाली झाली, आत रंगराव! मंडपात कुजबुज, "धंदा बुडला वाटतं." रंगराव जेवले, पण जिलेबी गोड लागली नाही. मान सोडणं तोंडानं बोलण्याइतकं हलकं नसतं, मंडळी. आत कुठंतरी कुरतडतंच.

आणि खरी परीक्षा तर पुढंच होती. रंगरावांची एकुलती लेक ऋतुजा. दिलेली कुठं? आंबा घाट उतरला की साखरपा, तिथं. पहिलटकरीण, सातवा सरून गेलेला. तिला बाळंतपणाला माहेरी आणायची. आणायची कशातून? आता घरात गाडी एकच!

हौसाबाईंना शेजारी घेऊन रंगराव निघाले. घाटाला लागले आणि काय सांगू, ज्यानं हब ओतला त्याचेच कान चाकाकडं! गावाची बोलणी अशी असतात बघा. खोटी असली तरी कानात घर करतात. एका वळणावर हौसाबाई म्हणाल्या, "काय ऐकताय?" रंगराव म्हणाले, "काय न्हाई." पुढच्या वळणावर मात्र आपोआप स्टिअरिंगवरचा हात सैल झाला. गाडी वळणाला कशी चिकटून चालली होती! रंगराव मनाशी म्हणाले, अरे, ही तर आपलीच! आजवर दुसऱ्याच्या दारात ठेवल्यासारखी ठेवली होती हिला.

साखरप्याला व्याही अंगणात उभे. विश्वासराव पोवार, आंब्याचे व्यापारी, करारी माणूस. गाडीकडं बघितलं, मग गाडीच्या मागं बघितलं, मोठी गाडी येतेय का म्हणून!

"रंगराव, ती पांढरी गाडी कुठाय?"

"विकली."

"धंदा बसला की काय?"

"न्हाई हो. धंदा ताठ उभा ऱ्हावा म्हणून विकली."

विश्वासरावांचा चेहरा कडक झाला. "हे बघा, राग मानू नका. तुम्ही कशातही फिरा. पण माझी दोन जिवांची सून या गाडीतून घाट चढणार नाही. हिचं चाक निघालं म्हणतात. त्यापरीस मी तिला एसटीनं पाठवतो!"

काय वाटलं असेल बापाला? भरल्या अंगणात, व्याह्यांच्या दारात! परदेशी गाडी असती तर हा प्रश्नच आला नसता. तोंड फिरवून भाड्याची मोठी गाडी मागवता आली असती. सोपं होतं! पण रंगराव पुढं झाले, चाकाशेजारी उकिडवे बसले आणि चाकावर हात ठेवला.

"विश्वासराव, ह्या चाकाच्या पोटात जे लोखंड हाय, ते माझ्या भट्टीतलं. साचा बाबालाल मेस्त्रींनी धरला. माझ्या बापाच्या पंगतीला बसलेला माणूस तो. निघालेल्या चाकाचे नट सैल होते, हब शाबूत होता, पण ते आता सोडा. मला एवढंच सांगा, पोटच्या पोरीपेक्षा जगात मला काय जास्त हाय? भरवसा नसता तर हिला न्यायला मी ह्यात आलो असतो का?"

तेवढ्यात ऋतुजा दारात आली, अवघडलेली, एक हात कमरेवर. तिनं सगळं ऐकलं होतं. बापाकडं बघून विचारलं,

"आबा, हिच्यात आपला माल आहे?"

"चारी चाकांत, बाळा."

"मग मी पुढं बसणार!"

आणि बसली की! बापानं दार उघडायच्या आत बसली! हौसाबाई पदराला डोळे पुसत मागं बसल्या. रंगरावांना गाडीची किल्ली सापडेना, हातातच होती.

विश्वासराव मात्र तडक घरात गेले. मंडळी, सगळ्यांना वाटलं, माणूस रागावला. थोड्या वेळानं बाहेर आले, डोक्यावर टोपी, काखेत पिशवी. मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "वहिनी, जरा सरका. मी पण येतो कोल्हापूरपर्यंत. परत एसटीनं येईन."

हौसाबाई म्हणाल्या, "आवो, तुम्ही कशाला त्रास..."

"त्रास कसला? उद्या कुणी म्हणालं, त्या गाडीचं चाक निघतं, तर काय सांगू? ऐकीव सांगू? म्हणेन, मी सुनेला घेऊन त्यातून घाट चढलोय. बोल आता!"

असा व्याही भेटायला पुण्याई लागते हो! गाडी घाट चढायला लागली. पहिली दोन-तीन वळणं विश्वासराव पुढची सीट घट्ट धरून बसले होते. नंतर आंब्याचे भाव सांगायला लागले. आणि ऋतुजा? ऋतुजा झोपली! आंबा घाटात, त्या वळणावळणांच्या रस्त्यावर, पोटावर हात ठेवून गाढ झोपली. रंगरावांनी एकदा तिच्याकडं बघितलं. मंडळी, त्या परदेशी गाडीपायी जगानं जेवढे मुजरे केले असतील, ते सगळे एका बाजूला, आणि बापाच्या चाकावर निर्धास्त झोपलेली लेक एका बाजूला. रंगरावांची छाती अशी भरून आली की त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली. "काय झालं?" म्हणून विश्वासरावांनी विचारलं, तर म्हणाले, "काय न्हाई. पाणी पितो जरा." डोळ्यांतलं पाणी पीत होते हो!

हा मान! हा कुणी दाराशी गाडी लावू दिली म्हणून मिळत नाही, आणि कुणी गाडी मागं लावायला सांगितली म्हणून जात नाही.

आता तुमच्याकडे येतो. म्हटलं होतं ना!

दूधवाले, तुम्ही चरव्या भरता, त्यातलंच दूध घरच्या तान्ह्याला पाजता का? गवंडीदादा, तुम्ही बांधलेल्या स्लॅबखाली तुमची म्हातारी निर्धास्त झोपेल का? गुरुजी, तुमचं लेकरू तुमच्याच शाळेत आहे, की तालुक्याच्या इंग्रजी शाळेत? डॉक्टर, मान खाली नका घालू, गोळी तुमच्या आईला लिहून द्याल तीच देताय ना? आणि ज्यांनी मघाशी दाराशी गाड्या लावण्यावरून वाद घातला त्या दोघांना काहीच विचारत नाही, त्यांना कळलंय!

आज घरी गेलात की आपल्या हातचं काम समोर ठेवा. मग घरातलं सगळ्यात लाडकं माणूस आठवा, आणि त्याला त्या कामाच्या भरवशावर बसवून बघा. बसवताना हात थरथरला नाही, तर या देवीपुढं उद्या ताठ मानेनं या. थरथरला, तर आजची रात्र देवीपाशी तेवढंच मागा, की आई, माझं काम माझ्या लेकरापुढं ठेवण्याजोगं कर!

हात वर करा सगळ्यांनी, आणि पोटातून आवाज काढा. बोला, कष्टाच्या हाताला बळ देणाऱ्या आईचा उदो, उदो!