आप्पांच्या डिस्कमधला माईंचा आवाज

जमलेली सगळी वडीलधारी मंडळी, आयाबहिणी, दौंडहून आलेले आप्पांचे रेल्वेतले सोबती, आणि माई.

मला माईक धरायची सवय नाही. माझ्या आधी सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. त्यांना सभेत बोलता येतं. मी बोलणार नव्हतेच. पण आप्पांचा मुलगा, सतीशदादा, काल म्हणाला, "वैशाली, शेवटचं वर्षभर आप्पा घरात कमी आन् तुझ्या दुकानात जास्त असायचे. तिथं काय करत होते ते गावाला म्हाईत न्हाई. तू सांग." म्हणून उभी राहिले. मधेच थांबले तर सांभाळून घ्या.

मी आप्पांच्या नात्यातली नाही. शिक्रापूरच्या चौकात आमचा स्टुडिओ आहे. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग मी करते. मागच्या वर्षी उन्हाळ्यात एक दिवस आप्पा आले. स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला पेन. हातात पुरणपोळीचा असतो तसा मोठा स्टीलचा डबा. मला वाटलं कुणाच्या घरचा डबा घेऊन चाललेत. त्यांनी टेबलावर ठेवून झाकण उघडलं, तर आत छोट्या छोट्या डिस्क. तळहाताएवढ्या. एकेक प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली.

म्हणाले, "पोरी, ह्याच्यात माझ्या घरच्या मंडळींचा आवाज हाय. तेवढा काढून दे."

घरची मंडळी म्हणजे माई. तुम्हा सगळ्यांना माई माहीत आहेत. माईंचं बोलणं माहीत आहे. विहिरीवर माई बोलायला लागल्या की वस्तीवर ऐकू यायचं, असं इथल्या बायका मला सांगतात. मी ते ऐकलेलं नव्हतं. मी माईंना भेटले तेव्हा लकवा होऊन गेला होता. उजवा हात गेला होता आणि वाचा गेली होती. सगळं कळतं, सगळं ऐकू येतं, पण एक शब्द ओठावर येत नाही. आप्पा म्हणाले, "घर कसं झालंय सांगू का? टीव्ही चालू असतो, पंखा चालू असतो, आन् तरी काहीच ऐकू येत न्हाई."

आप्पा दौंडला रेल्वेत गार्ड होते. रिटायर झाल्यावर इथं कवठ्याला आले तेव्हा हौसेनं कॅमेरा घेतला. त्या काळी असे कॅमेरे निघाले होते, कॅसेटऐवजी छोटी डिस्क बसायची. आप्पांनी यात्रा शूट केली, बारशी शूट केली, बोअर घेतला तो शूट केला. पुढं कॅमेरा पावसात भिजला आणि गेला. डिस्क कपाटात गेल्या. माई धडधाकट होत्या, दिवसभर कानाशी बोलत होत्या, तेव्हा त्या डिस्क कुणाला आठवणार? कशाला आठवणार?

मी एक डिस्क कॉम्प्युटरला घातली. कोरी दिसली. दुसरी घातली. कोरी. चार-पाच लावून पाहिल्या, सगळ्या तशाच. आप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. म्हणाले, "शिरूरला दोन दुकानांत हेच सांगितलं. काहीच न्हाई म्हणाले, फेकून द्या म्हणाले. पर मी स्वतः शूटिंग केलंय गं!"

मी त्यांना सांगितलं. आप्पा, ह्या डिस्कचं असं असतं, की शूटिंग संपलं की कॅमेऱ्यालाच सांगावं लागतं, आता ही डिस्क बंद कर म्हणून. फायनलाइज करणं म्हणतात त्याला. ते केलं नाही, तर त्या कॅमेऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला आतलं दिसत नाही.

"म्हंजी आत हाय, पर दिसत न्हाई?"

"हो."

"आन् तो कॅमेरा तर मेला."

"तसाच दुसरा मिळाला तर होईल, आप्पा. पण तो आता कुठं मिळायचा?"

आप्पांनी डबा बंद केला आणि गेले. मला वाटलं विषय संपला. दहा-पंधरा दिवसांनी परत हजर. बगलेत एक खोकं. त्यात तसाच कॅमेरा, चार्जरसकट. त्यांचे रेल्वेतले जुने दोस्त, डिसूझा अंकल, त्यांचा. ते आज इथं पुढं बसलेत. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून जोडीनं घेतले होते ते कॅमेरे. आप्पा एसटीनं दौंडला गेले आणि त्यांच्या दारात उभे राहिले. अंकलनी खोकं काढून आप्पांच्या हातात दिलं. म्हणाले, "ले जा रघू. वहिनीचा आवाज मिळाला तर मला पण ऐकव."

मग आमचं काम सुरू झालं. डिस्क कॅमेऱ्यात घालायची, बटण दाबायचं, दिवा लुकलुकायला लागतो. तो थांबेपर्यंत कॅमेऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, लाइट जाऊ द्यायची नाही. मधे काही झालं तर डिस्क कायमची जाते. लाइटसाठी मी इन्व्हर्टर जोडला. पण आमचं दुकान रस्त्याला लागून. ट्रेलर गेला की टेबल हलतं. आप्पांनी काय करावं? दोन्ही हातांनी टेबल धरून ठेवलं. पंचाहत्तरीचा माणूस, घाम पुसायलाही हात सोडला नाही. मी म्हणाले, आप्पा, एवढ्यानं काही होत नाही. म्हणाले, "तू तुझं बघ."

दिवा थांबला. डिस्क कॉम्प्युटरला लावली, तर आत फाइली दिसल्या. त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, एडिटिंगला चालतील अशा करून घेतल्या आणि पहिली चालू केली.

बोअरच्या गाडीचा आवाज. धुरळा. आणि एकदम माई. लाल लुगडं, पदर खोचलेला, जोरात हात हलवत, "अवं लागलं! पाणी लागलं! बगा की वो, कसं कारंजं उडतंय! अवं, इकडं बगा!"

आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. काही वेळा माणसाकडं बघू नये.

पण मंडळी, त्याच्यापुढचं मला सांगायचं आहे.

माई अजून बोलणार होत्या. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून आप्पांचाच आवाज आला. "अगं ए, बोलू नको. आवाज येतो त्याच्यात." आणि माई गप झाल्या.

आम्ही दुसरी फाइल लावली. यात्रेतली. माई सांगायला लागल्या, ही बघा आमची सखू, हिची म्हैस काल... "अगं थांब, ढोल घेऊ दे." तिसरी लावली. कांदा भरायला बायका बसलेल्या, माईंनी कुणाची तरी नक्कल सुरू केलेली, बायका हसून लोळायच्या बेतात. "शूटिंग चालू हाय, गप की जरा." प्रत्येक ठिकाणी तसंच. माई तोंड उघडतात, दोन वाक्यं होतात, आणि आप्पा त्यांना गप करतात. रागानं नाही हो. हौसेनं. त्यांना ढोल स्वच्छ हवा होता, गाडीचा आवाज स्वच्छ हवा होता. माईंचं बोलणं काय, ते तर रोजचंच.

आप्पा परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मीच बंद केली व्हय तिला?"

डब्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तिचा आवाज हुडकायला मी दौंड-शिरूर पालथं घातलं. आन् तो समोर हुता तवा..." डबा तिथंच ठेवून ते निघून गेले.

त्यानंतर आप्पा आलेच नाहीत. मी फोन केला, उचलला नाही. शेवटी सतीशदादाला विचारलं. तो म्हणाला, आप्पा नीट जेवत नाहीत, आईसमोर बसत नाहीत, मळ्यात जाऊन बसतात. मी त्याला सगळं सांगितलं. तो कंपनीतून सुटल्यावर घरी गेला आणि त्यानं ते माईंना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर सतीशदादाची गाडी थांबली. आत माई. शेजारी मान खाली घालून आप्पा. माईंनीच आणलं होतं त्यांना. डाव्या हातानं त्यांचं मनगट धरून.

माईंना खुर्चीत बसवलं आणि मी बोअरचं शूटिंग लावलं. माई स्वतःकडं बघत होत्या. स्वतःचं बोलणं ऐकत होत्या. मग आला आप्पांचा आवाज, "अगं ए, बोलू नको." आप्पांनी डोळे मिटून घेतले. आणि माई हसल्या. आवाज न करता, खांदे हलेपर्यंत हसल्या. डाव्या हातानं आप्पांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि स्क्रीनकडं बोट केलं. परत लाव.

त्या दिवसापासून दोघं जोडीनं यायला लागले. आप्पांना सगळ्याची मिळून एक फिल्म करायची होती. यंदाच्या दिवाळीला लेक-जावई, नातवंडं येतील तेव्हा अंगणात पडदा लावून दाखवायची. कुठला तुकडा घ्यायचा, कुठला सोडायचा, ते माई ठरवायच्या. हात वर केला की ठेवायचा, आडवा हलवला की काढायचा. स्वतःचे कितीतरी तुकडे माईंनी काढायला लावले. पदर नीट नव्हता म्हणून एक, कुणाची उणीदुणी काढली होती म्हणून एक. आप्पा हात जोडायचे, "अगं ऱ्हाऊ दे गं तेवढं." मग माई विचार करून हात वर करायच्या. असं ते चालायचं.

एक दुःख मात्र राहिलं. त्यांची लेक उज्ज्वला, तिच्या मुलाच्या बारशाची डिस्क. त्यात माईंनी पाळणा म्हटला होता. आप्पा म्हणायचे, "त्यात मी न्हाई थांबवली. पाळण्यात कसं थांबवायचं? पुरा म्हनलाय तिनं." ती डिस्क उघडली नाही. मी पुण्याला पाठवली, तिथंही उघडली नाही. डिस्कचा वरचा थर गेला होता. मी ते सांगितलं तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "बरं." तो "बरं" मला अजून ऐकू येतो.

आणि आप्पांचं दुसरं एक मागणं होतं. ते मला एकीकडं घेऊन म्हणायचे, "पोरी, माझा आवाज तेवढा काढून टाक. ते गप बस, गप बस. नातवंडांनी कशाला ऐकायचं?" मी सांगायची, आप्पा, दोन आवाज एकात एक मिसळलेत, तुमचा काढला तर माईंचे शब्द तुटतात. तरी ते विचारत राहिले. एकदा माईंनी ते ऐकलं. त्यांनी हात असा जोरात आडवा हलवला, की टेबलावरचा माउस खाली पडला. काढायचा नाही.

आप्पांनी माउस उचलून टेबलावर ठेवला. पण पटलं नव्हतं त्यांना. जाताना दारात म्हणाले, "तिला राग न्हाई, म्हनून का माझं चुकलं न्हाई?"

ती त्यांची माझ्याकडची शेवटची फेरी. त्याच आठवड्यात सकाळी ओट्यावर चहा घेता घेता आप्पा गेले. दिवाळी लांब होती. फिल्म अर्धी होती.

त्याच दिवशी सतीशदादाचा मला फोन आला. हारासाठी आप्पांचा फोटो हवा होता. म्हणाला, घरात रेल्वेतला जुना आहे तेवढाच. तुझ्याकडच्या शूटिंगमधून एखादा चांगला काढून दे. मी बसले शोधायला. यात्रा पाहिली, बोअर पाहिला, कांदा पाहिला. सगळं पुढं-मागं करून पाहिलं. आप्पा कुठंच नाहीत. कसे असतील? कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. एवढ्या सगळ्या शूटिंगमध्ये आप्पांचा चेहरा एकदाही नाही. म्हणून हा इथं हार घातलेला फोटो तो जुनाच आहे, गार्डच्या ड्रेसमधला.

तिसऱ्या दिवशी मी आप्पांच्या घरी आले. माईंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. उज्ज्वलाताई ताट घेऊन बसली होती, माई भिंतीकडं तोंड करून. मला दुसरं काही सुचलं नाही. मी लॅपटॉप उघडला आणि अर्धी झालेली फिल्म लावली. माई वळल्या नाहीत. बोअर झाला, त्यांचं स्वतःचं बोलणं झालं, तरी वळल्या नाहीत. मग आला आप्पांचा आवाज. "अगं ए, बोलू नको. आवाज येतो त्याच्यात."

माई वळल्या.

त्यांनी डाव्या हातानं लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला. कान जवळ नेला. संपलं की बोट करायच्या, मी परत लावायची. तो आवाज चालू असतानाच उज्ज्वलाताईनं भाकरीचा घास पुढं केला आणि माईंनी तो खाल्ला.

मंडळी, माझ्या मनाला एकच लागून राहिलंय. आप्पा गेले ते आपलं बोलणं म्हणजे त्या फिल्ममधली खोट आहे, असं समजून गेले. त्यांना कुणी सांगू शकलं नाही. माईंना सांगायचं होतं, त्यांना बोलता येत नव्हतं. मी हातात कात्री घेऊन बसले होते, मलाही कळलं नव्हतं. त्या घरात आज आप्पांचं म्हणून जे ऐकू येतं, ते तेवढंच आहे.

फिल्म मी पुरी करणार आहे. माई शेजारी बसतील, हात वर-आडवा करतील, तशी करणार आहे. दिवाळीला अंगणात पडदा लागेल. डिसूझा अंकल, तुम्ही दौंडहून यायचं आहे.

आता मला पुढं बोलवत नाही. बसलेल्या सगळ्यांनी जागेवर उभं राहावं. माई, तुम्ही बसा. आपण सगळे हात जोडू या.

आप्पा, कवठ्याचा, दौंडचा आणि शिक्रापूरच्या तुमच्या या पोरीचा रामराम घ्या.