चार बाय अडीचची पाटी

...आणि मला वाटलं होतं, अर्ज करणाऱ्याला परवानगी मिळते आणि न करणाऱ्याला नोटीस. इतकं साधं. निघालं नेमकं उलटं. शहरभर हजार पाट्या, अर्ज माझ्या एकटीचा, नोटीसही मला एकटीलाच, आणि वर भेटेल त्याच्या तोंडी एकच प्रश्न, "तुले अर्ज कराले कोनं सांगतलं होतं?"

कुठलं शहर ते विचारू नका, ऑफिसचं नाव मी घेणार नाही. दुकान राजापेठेत आहे म्हटलं तर अमरावतीकर रागावतील, जठारपेठेत म्हटलं तर अकोलेकर. तेव्हा असं करा, अमरावतीच्या लोकांनी हे अकोल्याचं समजा आणि अकोल्याच्या लोकांनी अमरावतीचं. दोन्हीकडे लगेच पटेल.

तर तुम्हाला सांगते, माझी आई, गंगूबाई, हार-गजरे विकते. बावीस वर्षं चौकातल्या कडुनिंबाखाली बसली. मग रस्ता रुंद झाला, झाड गेलं, आणि आईला आतल्या गल्लीत गाळा मिळाला, डावीकडचा दुसरा. डोक्यावर छत, समोर शटर, सगळं आहे, फक्त गिऱ्हाईक नाही. आई म्हणते, "ते मले थोडीच ओळखत होते, ते झाडाले ओळखत होते." तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, वरमाला, मुंडावळ्या, नवरदेवाची गाडी, सगळं वर्ष त्यावर निघतं. हा हंगाम हुकला तर गाळा सोडायचा आणि टोपली घेऊन बसस्टँडवर बसायचं, हे तिनं ठरवूनही टाकलं होतं. गुडघे काय म्हणतात ते मात्र तिनं विचारलं नव्हतं.

आणि मी कोण, तर पाच वर्षं चंदीगडला नगररचना शिकून आलेली वर्षाली. आमच्या कॉलेजसमोरच्या बाजारात सगळ्या पाट्या एका ओळीत, एका उंचीवर. बघितलं की मन शांत व्हायचं. आपलंही गाव असं होऊ शकतं, फक्त कोणीतरी सुरुवात केली पाहिजे, असं मला वाटायचं... अजूनही वाटतं, हसू नका. आईला म्हटलं, गल्लीच्या तोंडाशी पाटी लावू, चार बाय अडीच, पण रीतसर.

आता गल्लीच्या तोंडाशी भिंत आहे सूर्यभानकाकांची, सायकलच्या दुकानाची. काका म्हणाले, "लाव ना बाप्पा, मी कधी नाई म्हनतो?" मी म्हटलं, काका, संमतीपत्र लागेल, इथे सही करा. बस्स, हातातला पाना खाली ठेवला. चष्मा आणवला. कागद दोनदा वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली. "पोरी, याच्यानं भित तुह्या नावावर तं नाई होत?" मी म्हटलं नाही. "मंग अर्धी?" मी म्हटलं, काका, नुसती पाटी. मग त्यांनी शेतीचे कागद बघणाऱ्या भाच्याला फोन लावला, त्यानं तिकडून काहीतरी विचारलं, आणि काका फोन झाकून मला म्हणाले, "तो म्हनते, तिले अर्ज कराले कोनं सांगतलं?" माणूस तोंडानं अख्खी भिंत देऊन टाकेल, तुम्हाला सांगते, पण सही म्हटलं की चार दिवस. सही दिली पाचव्या दिवशी, आणि खाली आपल्या हातानं लिहिलं, "भित माहीच आहे."

मग ऑफिस. खिडकीशी धर्मपालभाऊ, माणूस अतिशय सज्जन, हे मी आधीच सांगते, या सगळ्यात वाईट माणूस कोणीच नाही, तोच तर त्रास आहे. त्यांनी अर्ज घेतला, कपाटावरून एक रजिस्टर काढलं, फडक्यानं पुसलं, पहिलं पान उघडलं आणि लिहिलं, एक. मी विचारलं, या वर्षीचा पहिला? म्हणाले, "रजिस्टरचा पयला, मॅडम." मग आतून दोघं-तिघं मला बघायला आले. चहा सांगितला. एका बाईंनी अगदी मायेनं विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? तुमाले अर्ज कराले कोनं सांगतलं?"

अर्जाला पाटीचा फोटो जोडायचा होता. लावलेल्या पाटीचा. मी म्हटलं, परवानगीआधी लावायची कशी? धर्मपालभाऊ म्हणाले, "लावा, फोटो काढा, काढून ठेवा. कोन पाह्यते?" तर मंगळवारी सकाळी पाटी लावली. गंगूबाई हार-फुलवाले, खाली बाण. फोटो काढून दुपारी ऑफिसात दिला, सोबत नकाशा, हातानं काढलेला, दिशा दाखवणारा, प्रमाणात. परत येते तर गल्लीत तीन गिऱ्हाईकं. एक जण म्हणत होता, "काकू, तुमी इथी हा का? आमाले वाटलं..." आणि त्यानं जीभ चावली. आई म्हणाली, "संध्याकाळलोक राहू दे वं पाटी."

मी, नियमवाली, म्हटलं, राहू दे.

साडेचारला गाडी आली. विनापरवाना फलक हटवण्याची मोहीम. पथकाचे प्रमुख पंजाबराव, हातात यादी, यादीत नाव एक. मी म्हटलं, साहेब, या रस्त्याकडे बघा तरी... क्लासवाल्यांच्या पाट्यांवर मागच्या तीन वर्षांचे टॉपर, सिग्नलचे लाल-हिरवे दिवे झाकून एका भाऊंचा वाढदिवस... ते काही दिसत नाही? पंजाबराव शांतपणे म्हणाले, "दिसते ना ताई. पन ते कोनं लावले, काहून लावले, रेकॉर्डवर काईच नाई. तुमचं सगळं आहे. नाव, पत्ता, फोटो. नकाशा तं लय सुंदर काढला, सीधे येऊन पोचलो आमी." आणि मग हळूच, घरच्या माणसासारखं, "तुमाले अर्ज कराले कोनं सांगतलं होतं, ताई?"

पाटीवर दुपारपासून त्याच भाऊंच्या दुसऱ्या एका फ्लेक्सचा कोपरा आला होता. पथकानं तो कोपरा अलगद उचलला, माझी पाटी खालून काढली आणि फ्लेक्स पुन्हा तारेनं बांधून दिला. सरळ आहे का, तेही लांब जाऊन बघितलं. मी म्हटलं, आणि हा? "तो काढता येत नाई, त्या शुभेच्छा आहेत. तुमचा धंदा आहे." मी म्हटलं, नियमात दोन्हींना परवानगी लागते, पान बारा. पंजाबराव म्हणाले, "अशीन," नोटीस माझ्या हातात ठेवली आणि गाडीत बसले.

संध्याकाळी आई निशिगंध ओवत बसली होती. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "उद्या टोपली धुऊन ठिवतो." आणि थोड्या वेळानं, "तुले अर्ज कराले कोनं सांगतलं होतं, माय?" मीच सांगितलं होतं मला. मग मी विचारलं, आई, तुझा वाढदिवस कधी असतो गं? "शाळेत एक जून लिवला मास्तरनं. पन माही माय म्हने, कापूस येचाच्या वक्ताले झालती तू." म्हणजे केव्हा? "म्हंजे आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी मी कुंदनच्या फ्लेक्सच्या दुकानासमोर उभी होते. माझी पाटी छापायला दिली तेव्हा यानंच परवानगीचा नंबर तीनदा मागितला होता. म्हटलं, आठ बाय दहा. आईचा हात जोडलेला फोटो. 'आदरणीय गंगूबाई यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' खाली 'शुभेच्छा स्वीकारण्याचे ठिकाण, गल्लीत डावीकडे दुसरा गाळा, हार जागेवरच तयार मिळतील.' कुंदननं विचारलं, "किती दिवस ठिवाचा?" म्हटलं, लग्नसराई संपेपर्यंत. "इतका लंबा वाढदिवस?" म्हटलं, भाऊंचा मार्चपासून चालू आहे. त्याला ते पटलं. परवानगीचा नंबर त्यानं मागितलाच नाही. फक्त टाइप करता करता मान न वळवता म्हणाला, "शुभेच्छुक कोन टाकू?"

मी थोडा विचार केला, आणि म्हटलं, टाका... अर्ज क्रमांक एक.