ठिपक्यांची पायवाट

बायको : तुम्हाला ओळखीचा वाटलेला हा तिसरा दगड.

नवरा : ओळखीचा म्हटलं मी. नात्यातला नाही म्हटलं.

बायको : चार वाजून गेलेत. पाचला गाडीपाशी नसलो तर पैज लेक जिंकली.

नवरा : माहीत आहे गं. मीच लावलीय ना ती! पाचच्या आत पोचलो तर तिने वर्षभर तिच्या घरातल्या त्या खालच्या खोलीचं नाव काढायचं नाही. नाही पोचलो तर आपलं घर बंद करून पुढच्या महिन्यात बाडबिस्तरा तिच्याकडे. केवढी छाती पुढे काढून म्हटलं होतं मी, 'तुझी आई आणि मी, दोघंच, अख्खं माळरान पार करून दाखवतो!' आता छाती कुठे गेली कोण जाणे, पोट तेवढं पुढे आहे.

बायको : पोट तेव्हाही पुढेच होतं. हे धुकं खाली उतरतंय बघा. फोनवरचा नकाशा काढू का?

नवरा : फोनवरचा? अगं, या माळरानाचा नकाशा मी स्वतः काढलाय! पस्तीस वर्षं नकाशांच्या कचेरीत काय माश्या मारल्या? हे बघ, खाली कोपऱ्यात माझी आद्याक्षरं.

बायको : आद्याक्षरं दिसली. वाट दिसत नाही.

नवरा : ही काय, ठिपक्यांची रेघ! दगडांच्या राशीपासून निघते, इथे छान वळते आणि थेट ओढ्यावर जाते.

बायको : कागदावर जाते हो. माझ्या पायाखाली गवत आहे, काटेरी झुडपं आहेत, चिखल आहे. आणि आता बूट नाहीये.

नवरा : नाहीये म्हणजे?

बायको : आत गेला. मी एका पायावर उभी आहे, प्रश्न नंतर विचारा. ओढा!

नवरा : धर माझा खांदा. हां… आला, आला… आला!

बायको : हा मोजा आहे.

नवरा : सुरुवात तर झाली. थांब, कोपरापर्यंत हात घालतो. हा घे बूट. अर्धं माळरान फुकट आलंय त्यात.

बायको : द्या इकडे. गुडघ्याला हिसका बसलाय, पण चालेन. कुठल्या बाजूला जायचं? अहो, कुठल्या बाजूला? असे काय बघताय त्या नकाशाकडे?

नवरा : तू आधी बस बघू.

बायको : वॉर्डात सिस्टर म्हणून तीस वर्षं मी लोकांना 'आधी बसा' म्हणत आले. त्यानंतर चांगली बातमी कधी सांगितली नाही. बोला.

नवरा : ही वाट नाहीये.

बायको : चुकलो आपण?

नवरा : चुकलो नाही, अगदी बरोबर वाटेवर आहोत. फक्त ती वाट नाहीये. म्हणजे कधीच नव्हती. आमच्या कचेरीची पद्धत होती. नकाशा कुणी चोरून छापला तर ओळखता यावा म्हणून प्रत्येक नकाशात एक बारीकशी खोटी गोष्ट घालायची. एखादी विहीर, एखादं वळण. साहेब म्हणाले, तुझ्या नकाशात काय घालायचं ते तू ठरव. मी पंचविशीतला, अंगात उत्साह. मी म्हटलं, विहीर काय कुणीही काढेल, आपण पायवाट काढू.

बायको : आणि विसरलात.

नवरा : साफ विसरलो. ते वळण बघितलं आणि आठवलं. खुर्चीवर बसून, बिस्कीट खात काढलं होतं. फार सुंदर जमलंय गं, साहेबांनीसुद्धा कौतुक केलं होतं.

बायको : मग सापडला का कुणी चोर?

नवरा : चाळीस वर्षांत एकही नाही. आज पहिला सापडला. बायकोसकट.

बायको : हसवू नका, गुडघा दुखतो.

नवरा : हस, हस. मीच हसतोय तर तू कशाला सोडतेस? आता ऐक. दगडांच्या राशीपर्यंत मागे फिरलो तर सहा वाजतील, पैज गेली. त्यापेक्षा हा दलदलीचा पट्टा सरळ ओलांडू. दहा मिनिटांचं काम. मी पुढे, तू मागे.

बायको : नाही.

नवरा : अगं, पाचच्या आत पोचू!

बायको : आणि तुम्ही कमरेपर्यंत रुतलात तर? मी बाहेर काढू?

नवरा : तू नाही तर कोण?

बायको : मला जमणार नाही. गेल्या महिन्यात न्हाणीघरात पडलात, तेव्हा जमलं का?

नवरा : पडलो नव्हतो. घसरलो होतो.

बायको : अर्धा तास फरशीवर होतात. मी तुमच्या काखेत हात घालून ओढतेय, ओढतेय, आणि तुम्ही जागचे हलत नव्हता. आयुष्यभर पेशंट उचलले मी. केवढाले पुरुष उचलले. आणि स्वतःचा नवरा उचलता आला नाही. शेवटी तुम्हीच रांगत दारापर्यंत आलात आणि काहीतरी विनोद केलात. तुम्ही हसलात म्हणून मी हसले. त्यानंतर मला धड झोप नाही.

नवरा : बोलली नाहीस कधी.

बायको : तुमच्याशी नाही बोलले. लेकीशी बोलले. ती खोली तिने आपणहून रिकामी केलेली नाही. मी सांगितलं तिला.

नवरा : तू?

बायको : मी. तुम्हाला सांगायचा धीर होईना, म्हणून तिला पुढे केलं. आणि सकाळपासून तुमच्या शेजारून चालतेय, पण मनात एकच, उशीर होऊ दे, देवा, उशीर होऊ दे. लाज वाटते सांगायला.

नवरा : म्हणजे मी वाट चुकवली ते तुझ्या मनासारखंच झालं म्हणायचं. संसारात पहिल्यांदाच.

बायको : रागावलात?

नवरा : रागवायला कोरडी जागा तर हवी. माझा फोन दे.

बायको : कुणाला करताय?

नवरा : तू पुढे केलेल्या लेकीला.

(फोन स्पीकरवर. रिंग दोनदाच वाजते.)

लेक : बाबा? तुम्ही स्वतःहून फोन केलात? कोण पडलं? आई कुठाय?

नवरा : कुणी पडलं नाही. आम्ही हरवलोय.

लेक : काय? परत सांगा.

नवरा : ऐकलंस तू नीट. एकदा म्हणतानाच जीव गेला माझा, परत कसलं सांगा!

लेक : बरं बरं. कुठे आहात?

नवरा : एका अतिशय सुंदर वळणावर. आणखी काही विचारू नकोस.

लेक : आई, तुझ्या फोनवरून जागा पाठव. परवा दाखवलं होतं ना, ते बटण.

बायको : दाबलं. गेलं का?

लेक : आलं, आलं… अगं, तुम्ही रस्त्यापासून दोनशे मीटरवर आहात!

नवरा : दोनशे?

लेक : धुक्यात दिसत नसेल. दलदलीत शिरू नका. ओढ्याचा आवाज येतोय ना? तो उजव्या हाताला ठेवून कडेकडेने उतरा. तारेचं कुंपण लागेल, त्याला धरून गेलात की गाडी. आईच्या चालीने फार तर वीस मिनिटं. किती वाजलेत?

बायको : साडेचार.

लेक : मग काय, पोचताय की पाचच्या आत! जिंकलात बाबा. वर्षभर खोलीचा विषय बंद. कबूल म्हणजे कबूल. बाबा? ऐकताय ना?

नवरा : ऐकतोय, ऐकतोय. किती बाय किती आहे ती?

लेक : काय किती बाय किती?

नवरा : खोली. विषय तू काढायचा नाहीस असं ठरलंय. मी काढायचा नाही असं कुठे ठरलंय?

लेक : बाबा… अंदाजे बारा बाय चौदा असेल. थांबा, मी कागदावर नीट आखून फोटो पाठवते.

नवरा : कागद नको, बाई. आज कागदावरून माझं मन उडालंय. मी येतो रविवारी. फरशीवर टेप टाकून स्वतः मोजतो.

बायको : दुसरं टोक मी धरते.